भालुकपाँगच्या नाक्यावर

नाक्यावरच्या पोलिसाने सहा परवाने झरझर पाहिले आणि सातव्यावर त्याचा अंगठा थांबला. कागद उजेडाकडे धरून त्याने तारखेच्या ओळीवर नख टेकवलं. "इनका तो कल से है." आम्ही सात जण होतो. सहा कागदांवर त्या दिवसाची तारीख होती आणि आमच्याबरोबरच्या काकांच्या कागदावर दुसऱ्या दिवसाची. अर्ज पुण्यातल्या एका एजंटाने भरले होते आणि छापून आलेले कागद आमच्यापैकी कोणीही नीट वाचले नव्हते. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. तेजपूरचं परवान्याचं कार्यालय बंद. फोनवरून नवीन अर्ज भरता आला असता, पण मंजुरी रविवारी कोण देणार?

पोलिस अतिशय सौजन्याने बोलला. त्याने काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तेवढ्याच शांतपणे सांगितलं की उद्या सकाळी या. काका म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा, मी उद्या येतो मागनं." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परक्या गावात सोडून कोण पुढे जातं? सगळेच आसामच्या बाजूला मुक्कामाला राहिलो. वर अरुणाचलात कामेंग म्हणतात आणि खाली आसामात जिया भराली, ती नदी रात्रभर ऐकू येत होती. दिरांगच्या मुक्कामाचं आगाऊ भाडं गेलं त्याचं काही नाही. त्या एका दिवसाची खरी किंमत आम्ही चार दिवसांनी तवांगमध्ये मोजली.

महाराष्ट्रातून तवांगला जाणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे. मुंबईहून गुवाहाटीला थेट विमान आहे आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रेल्वेही आहे, सुमारे दोन दिवसांची. सहलीच्या जाहिरातींत बर्फ, तळं आणि मठ दिसतात. परवान्याबद्दल मात्र 'इनर लाइन परमिटसह' एवढेच शब्द असतात, जणू ते नाश्त्यासारखं काहीतरी आहे. तवांगची सहल फसते ती बहुधा बर्फामुळे किंवा रस्त्यामुळे फसत नाही. ती घरी बसूनच फसलेली असते, कागद न वाचल्यामुळे आणि दिवस मोजून मापून ठेवल्यामुळे. म्हणून हा लेख थोडा तपशिलात लिहिते आहे.

आधी ही 'इनर लाइन' काय आहे ते सांगायला हवं, कारण नाक्यावर "आपल्याच देशात परवाना कशाला?" म्हणून हुज्जत घालणारी मराठी मंडळी मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ही रेषा चीनच्या सीमेची नाही. ती आसामचं मैदान आणि डोंगर यांच्यामधली आहे आणि तिचं मूळ १८७३ सालच्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमध्ये आहे. चहामळेवाले आणि व्यापारी डोंगरात घुसत, रबर आणि हस्तिदंतासाठी धडपडत, त्यातून टोळ्यांशी तंटे होत. इंग्रज सरकारने स्वतःचा व्यापार सांभाळायला एक रेघ ओढली आणि परवान्याशिवाय तिच्या पलीकडे जायचं नाही, तिथे जमीन घ्यायची नाही, असं ठरवलं. स्वातंत्र्यानंतर ती रेघ आपण पुसली नाही. मात्र तिचा अर्थ बदलला. मूठभर लोकसंख्येच्या जमातींची जमीन, जंगल आणि चालीरीती बाहेरच्या लोंढ्यापासून राखायची, असा तो नवा अर्थ.

या नव्या अर्थामागे असलेल्या एका माणसाचा पुण्याशी संबंध आहे. व्हेरिअर एल्विन १९२७ साली इंग्लंडहून हिंदुस्थानात आले ते ख्रिस्त सेवा संघात, म्हणजे पुण्यात. पुढे ते मध्य प्रदेशात गोंडांमध्ये राहिले आणि १९५४ साली नेफाचे, म्हणजे आजच्या अरुणाचलाचे, आदिवासीविषयक सल्लागार झाले. डोंगरातल्या माणसाला त्याच्या गतीने पुढे जाऊ द्यावं, त्याच्यावर बाहेरच्यांचा लोंढा सोडू नये, हे त्यांचं सांगणं. 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा' हे त्यांचं पुस्तक १९५७ चं, त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. एल्विनच्या विचारांवर तेव्हाही टीका झाली. डोंगरी माणसाला संग्रहालयात ठेवता काय, असं विचारणारे होते. तरीही एका राज्यात इतक्या भाषा आणि इतक्या जमाती आजही आपापल्या जमिनीवर आहेत, याचं बरंच श्रेय मी त्या रेघेला देते. दुसऱ्याच्या वाड्यात शिरताना आपण दाराची कडी वाजवतो, तसा हा परवाना आहे.

आता व्यवहाराचं. भारतीय नागरिकाला अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं. नागालँड, मिझोराम आणि २०२० पासून मणिपूरसाठीही ते लागतं, आसाम आणि मेघालयसाठी नाही. अर्ज अरुणाचल सरकारच्या संकेतस्थळावर भरता येतो. फोटो आणि सरकारी ओळखपत्र जोडायचं, जाण्याची ठिकाणं आणि तारखा लिहायच्या, शुल्क तिथेच भरायचं. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, शिलाँग, तेजपूर इथल्या अरुणाचलच्या कार्यालयांतही परवाना मिळतो. पण सुट्टीच्या दिवसाचा भरवसा धरू नका. आमचं उदाहरण वर आहेच.

घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा अर्ज. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर. आपल्याकडे आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि तिकिटावर नसतं, ते इथे चालवून घेऊ नका. सुरुवातीची तारीख तुम्ही नाक्यावर पोचण्याच्या एक दिवस आधीची घ्या आणि शेवटची परतीनंतर दोन दिवसांची. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर परवाना संपलेल्या अवस्थेत डोंगरात अडकायला नको. परवान्याच्या आणि ओळखपत्राच्या चार-चार झेरॉक्स प्रती जवळ ठेवा, कारण नाक्यावर, हॉटेलात आणि पुढे बुम ला या चीनच्या सीमेवरच्या खिंडीच्या अर्जासाठी त्या लागतात. फोनमधली प्रत असावीच, पण फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते. आणि एजंटाने पाठवलेला कागद आल्या आल्या वाचा. वाचा म्हणजे बोट ठेवून वाचा.

एक गोष्ट अमेरिकेत-इंग्लंडात मुलं-सुना असलेल्या घरांसाठी. मुलाकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असेल तर त्याला इनर लाइन परमिट नव्हे, प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं. ओसीआयमुळे बाकी भारतात बहुतेक ठिकाणी फिरता येतं, म्हणून लोक समजतात की इथेही चालेल. चालत नाही. हे परमिट सहसा नोंदणीकृत सहल कंपनीमार्फत, एकट्याऐवजी गटासाठी मिळतं आणि त्याला वेळ लागतो. बुम ला तर फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. आई-वडील वर आणि मुलगा तवांगच्या हॉटेलात, अशी ताटातूट व्हायची नसेल तर हे आधीच बोलून घ्यावं.

वाहनाचं काय? गुवाहाटी ते तवांग अंतर सुमारे ५०० किलोमीटर, पण किलोमीटरवर जाऊ नका. आपल्याकडे ५०० किलोमीटर म्हणजे एका दिवसाचा प्रवास. इथे ते किमान दोन दिवस आहेत आणि माझ्या मते तीन असावेत. गुवाहाटीहून तेजपूर, वाटेत कालिया भोमरा पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडायची. हा पूल १९८७ चा, लांबी तीन किलोमीटरहून थोडी जास्त. तेजपूरहून भालुकपाँग दीड-दोन तासांवर. तिथून डोंगर सुरू होतो तो थेट तवांगपर्यंत.

तेजपूर आणि गुवाहाटीहून तवांगला सामायिक सुमो जातात. सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला एका शब्दात सांगायचं तर वडाप. सामान टपावर, माणसं दाटीवाटीने, पहाटे निघायचं. स्वस्त आहे आणि स्थानिक माणसांशी गप्पा होतात, हा त्यातला मोठा लाभ. अरुणाचलात एका जमातीची भाषा दुसरीला कळत नाही, त्यामुळे आपसातही लोक हिंदीत बोलतात आणि आपली मुंबई-पुण्याची हिंदी तिथे छान चालते. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र सुमोच्या मागच्या सीटवर बसू नये. जागा आदल्या दिवशी जाऊन पुढची, खिडकीची मागून घ्यावी. चार-सहा जण असाल तर स्वतंत्र गाडी करा आणि ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: चालक अरुणाचलचा आहे की आसामचा? आसामच्या चालकालाही परवाना लागतो. त्याने तो काढलेला नसेल तर तुमचे सगळे कागद बिनचूक असूनही गाडी नाक्यावर उभी राहील.

हा रस्ता बालिपारा-चारद्वार-तवांग रस्ता म्हणून ओळखला जातो आणि तो सीमा सडक संघटनेच्या 'वर्तक' प्रकल्पाकडे आहे. मराठी माणसाला हे आडनाव वाटतं. आमच्या गटातल्या वसईच्या वहिनींनी तर पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. सीमा सडक संघटना १९६० साली दोन प्रकल्पांनी सुरू झाली, त्यातला पूर्वेकडचा हा. तेव्हा त्याचं नाव 'टस्कर' होतं. वळणावळणावर खडी फोडणारी, डांबर पसरणारी माणसं दिसतात, त्यांत पाठीला बाळ बांधलेल्या बायाही असतात. दरड बाजूला करेपर्यंत तासभर थांबावं लागलं तर भोंगे वाजवू नयेत एवढंच म्हणते. ती माणसं त्या उंचीवर आपल्यासाठी काम करत असतात.

भालुकपाँग जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. बोमडिला २,४०० मीटरवर. मग रस्ता पुन्हा खाली दिरांगला उतरतो, दीड हजार मीटरवर, आणि तिथून सेला खिंडीकडे चढतो. सेला आहे ४,१७० मीटर, म्हणजे १३,७०० फूट. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. म्हणूनच पहिला मुक्काम दिरांगला करा असं मी आग्रहाने सांगते, शक्य असल्यास दोन रात्री. शरीराला सवय होते आणि दिरांगची दरी सुंदरही आहे. भालुकपाँगहून एका दमात तवांग गाठलेल्या लोकांची डोकी रात्रभर ठणकतात. पोटात मळमळतं, जेवण जात नाही. भरपूर पाणी प्यावं, पहिल्या दिवशी धावपळ करू नये, दारूला हात लावू नये. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवावेत. 'थंड हवेच्या ठिकाणी जातोय' एवढं सांगून भागत नाही.

सेला बोगदा आता झाला आहे. ९ मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. एक बोगदा ९८० मीटरचा, दुसरा १,५५५ मीटरचा, आणि खर्च ८२५ कोटी रुपये. त्यापूर्वी बर्फ पडला की खिंड बंद आणि तवांग तुटलेलं, हे दर हिवाळ्याचं होतं. आता लष्कराची रसद आणि तवांगचा भाजीपाला खिंड न चढता पलीकडे जाऊ शकतो. तुम्ही मात्र हवा चांगली असेल तर चालकाला जुन्या रस्त्याने वर न्यायला सांगा. माथ्यावर तळं आहे, कमानीला पताका बांधलेल्या आहेत आणि वाऱ्याने त्यांचे काठ दशीदशी झालेले असतात. पंधरा मिनिटं थांबा, पळू नका, गाडीत बसा.

तवांगला आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. इकडे सूर्य फार लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. घड्याळ आपलंच आहे, पण ते मुंबईला जुळतं, तवांगला जुळत नाही. नोव्हेंबरात साडेचारनंतर उजेड फार टिकत नाही. म्हणून पहाटे पाचला निघायचं म्हणजे पाचलाच निघायचं. सकाळी चहा-नाश्ता-आंघोळ उरकून नऊला बाहेर पडणारी आपली पद्धत इथे अर्धा दिवस खाऊन टाकते.

तवांगला मठ आहेच, सतराव्या शतकातला, मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी १६८०-८१ च्या सुमारास स्थापलेला. सहावे दलाई लामा जवळच उर्गेलिंगला जन्मले. १९५९ साली चौदावे दलाई लामा तिबेटमधून निसटून आले ते याच भागातून. हे सगळं पुस्तकांत मिळेल. मला सांगायचं आहे ते काकांबद्दल.

काका मूळचे कराडचे. १९६२ साली, चीनशी युद्ध झालं तेव्हा, ते चौथीत होते. तवांग पडलं, बोमडिला पडलं, तेजपूर रिकामं झालं, ही नावं त्यांनी वडिलांच्या शेजारी बसून रेडिओवर ऐकली होती. २१ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली आणि त्याच दिवसांत त्यांच्याच गावचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या पिढीने शाळेत घोकलं आहे. काकांना बुम लाला उभं राहायचं होतं. या सहलीत त्यांना दुसरं काही नको होतं.

बुम ला तवांगपासून ३७ किलोमीटर, उंची १५,२०० फूट. इनर लाइन परमिट इथे पुरत नाही. आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते आणि तिच्यावर लष्कराची मोहोर. हे काम सहसा तवांगचा टॅक्सीचालक किंवा हॉटेलवाला करून देतो. संध्याकाळी त्याच्याकडे परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, मूळ ओळखपत्र सकाळी बरोबर ठेवायचं. बाहेरून आणलेली भाड्याची गाडी वर चालत नाही, तवांगची स्थानिक टॅक्सीच करावी लागते. याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. 'आम्ही सुमोचे पैसे दिलेत, पुन्हा टॅक्सी कशाला?' पण तो रस्ता फुटलेल्या दगडांचा आणि गोठलेल्या पाण्याचा आहे. कुठल्या वळणावर चाक घसरतं हे तिथला माणूसच जाणतो, आणि त्या गावाला पर्यटनातून उत्पन्न मिळतं ते यातूनही. मला तो नियम पूर्ण पटतो. स्वतःची गाडी घेऊन गेला असाल तर काय चालतं ते त्या आठवड्यात तवांगमध्येच विचारा.

वर गेल्यावर लष्कराच्या चौक्या, पूल, बंकर यांचे फोटो काढायचे नाहीत. जवान सांगेल तिथेच कॅमेरा बाहेर. ड्रोन तर घरीच ठेवा. डिसेंबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यात यांगत्सेला भारत आणि चीनच्या सैन्यांची झटापट झाली होती, हे लक्षात ठेवलं की नियम जाचक वाटत नाहीत.

वाटेत रस्ता फुटतो आणि एक फाटा संगेत्सर तळ्याकडे जातो. 'कोयला' चित्रपटातल्या गाण्याचं चित्रीकरण इथे झालं, तेव्हापासून सगळे त्याला माधुरी लेक म्हणतात. अंधेरीच्या मुलीचं नाव त्या उंचीवरच्या तळ्याला मिळालं याचा मराठी पर्यटकांना आनंद होतो, मलाही झाला. पण तळ्यातले ते राखाडी, सोलून काढल्यासारखे झाडांचे उभे बुंधे पाहिले की गाणं विसरायला होतं. भूकंपाने जमीन खचली, पाणी भरलं आणि जंगल उभ्याउभ्या बुडालं. जवळ जाऊन पाहिलं तर बुंध्यांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा दिसतात, हाताच्या बोटांएवढ्या अंतरावर. स्थानिक नावही लक्षात ठेवा: संगेत्सर.

हे तळं मी दुसऱ्या एका सहलीत पाहिलं आहे. या वेळी नाही. आमच्या हातात बुम लासाठी शेवटचा एकच दिवस उरला होता, कारण एक दिवस भालुकपाँगला गेला होता. परवानगी काढलेली होती, टॅक्सी ठरली होती, काका चार वाजल्यापासून कानटोपी घालून तयार बसले होते. साडेपाचला चालकाने येऊन सांगितलं, "रात को बर्फ गिरा है, आर्मी ने रास्ता बंद किया." एक दिवस हाताशी असता तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं, पण आम्ही तेव्हा परतीच्या गाडीत होतो.

त्या सकाळी आम्ही काकांना युद्धस्मारकावर नेलं. चाळीस फूट उंच, स्तूपाच्या आकाराचं, आणि भिंतींवर कामेंग विभागात धारातीर्थी पडलेल्या २,४२० जवानांची नावं. काका चष्मा पुसत पुसत एकेक पाटी वाचत गेले. बुम लाच्या वाटेवर तोंगपेन लापाशी लढलेले सुभेदार जोगिंदर सिंग यांचं नाव त्यांना माहीत होतं, ते परमवीरचक्राचे मानकरी. बाकीची दोन हजारांवर नावं त्यांनी पहिल्यांदा वाचली. दीड तास लागला. कोणी घाई केली नाही.

या वर्षी काका पुन्हा निघाले आहेत. अर्ज त्यांनी स्वतः भरला, नातवाला शेजारी बसवून. तवांगमध्ये चार रात्री ठेवल्या आहेत, त्यांतले दोन दिवस फक्त बुम लासाठी. तुम्ही जाणार असाल तर तेवढेच दिवस ठेवा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा, पावसाळ्यात जाऊ नका, रोख पैसे जवळ ठेवा. आणि परवाना हातात आला की आधी तारीख वाचा.